आधी टमाटे, मग बाटलीचं बघू

पुण्या-बंगळुरूला नोकरीला असलेली आपली पोरं सुट्टीत अकोल्याला येतात तेव्हा बॅगेत मागच्या खेपेचे रिकामे डबे आणि एखादी नवी सवय, दोन्ही घेऊन येतात. अलीकडची सवय अशी की रविवारी दहाला उठायचं, साडेअकराला नाश्ता आणि जेवण एकदमच उरकायचं आणि त्यासोबत एक उंच ग्लास घ्यायचा. ग्लासात टमाट्याचा रस, व्होडका, मिरी, लिंबू आणि तिखट सॉस. याला ब्लडी मेरी म्हणतात. जयहिंद चौकाच्या आसपास काय किंवा डाबकी रोडला काय, याबद्दल विचारणारे दोन प्रकारचे लोक भेटतात. पोरं विचारतात, याचं सामान इथं मिळेल का? आईबाप विचारतात, हे काय नवीन खूळ, आणि यात दारू असते तरी किती? दोघांनाही एकच उत्तर देता यावं म्हणून हे लिहितो आहे.

या पेयात जी काही चव आहे ती टमाट्याची, मोहरीची, चिंचेची आणि मिरचीची आहे. व्होडकाला मुळात चवच नसते. अमेरिकेच्या कायद्यात तर 2020 पर्यंत व्होडकाची व्याख्याच रंग, वास आणि चव नसलेलं मद्य अशी होती. व्हिस्कीच्या पेयातून व्हिस्की काढली तर मागे काही उरत नाही. इथं व्होडका काढली तर घशाला लागणारा थोडा चटका जातो, बाकी ग्लास जिथल्या तिथे राहतो. म्हणून माझं सांगणं असं की घरी आधी बिनदारूचा ग्लास नीट करायला शिका. ज्याला वयाची, कायद्याची आणि तब्येतीची परवानगी आहे, त्याने त्यात पुढे काय घालायचं ते नंतर ठरवावं.

हे मसाल्याचंच पेय आहे याला त्याचा इतिहासही साक्षी आहे. फर्नांड पेटिओ नावाचा एक फ्रेंच बारटेंडर 1920च्या दशकात पॅरिसच्या हॅरीज न्यूयॉर्क बारमध्ये कामाला होता. 1934 साली तो न्यूयॉर्कच्या सेंट रेजिस हॉटेलातल्या किंग कोल बारमध्ये आला. तिथे हे पेय रेड स्नॅपर या नावाने विकलं जायचं, कारण ब्लडी मेरी हे नाव त्या भपकेबाज हॉटेलला शोभणारं वाटलं नाही. इकडे जॉर्ज जेसल हा नट म्हणत असे की हे पेय माझं. 1964 मध्ये पेटिओने ‘द न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाला सांगितलं की जेसलचं पेय म्हणजे नुसती व्होडका आणि टमाट्याचा रस होता. मीठ, काळी मिरी, लाल तिखट, लिंबू आणि वुस्टर सॉस हे सगळं आपण घातलं. या भांडणात मी पेटिओच्या बाजूचा आहे. मात्र त्याचं प्रमाण आपल्याला नको. तो 2 औंस रसाला 2 औंस व्होडका घालायचा, म्हणजे निम्म्यास निम्मं. एका ग्लासात 60 मिली दारू, तीही सकाळी, तीही आपल्या गावच्या उन्हात!

आता रसाकडे वळू, कारण बहुतेक घरांत हे पेय बिघडतं ते तिथेच.

पॅकबंद रस आणू नका. त्यात मीठ आधीच भरपूर असतं आणि त्याला एक शिजका, डब्यातला वास येतो. जनता भाजी बाजारात हिवाळ्यात गावरान भेदरं येतात, पातळ सालीची, आंबट आणि रसाळ. ती घ्या. लांबच्या प्रवासासाठी काढलेल्या संकरित वाणांची साल जाड आणि गर घट्ट असतो. भाजीला ते ठीक आहेत, पण रस कमी निघतो आणि चवही मवाळ. भाव करताना बायका कडक टमाटे निवडतात, ते आठवडाभर टिकावेत म्हणून. इथं उलटं करायचं. बोटाने दाबलं तर दबेल असं, देठापर्यंत लाल झालेलं फळ घ्या. भाजीवाले असे टमाटे संध्याकाळी वेगळे काढून स्वस्तात देतात. फुटलेला किंवा काळा डाग पडलेला मात्र घेऊ नका.

एक किलो टमाट्यांचा सहाशे-साडेसहाशे मिली रस निघतो. चार ग्लासांना तो पुरतो. टमाटे धुऊन उकळत्या पाण्यात मिनिटभर टाका, साल सुटते. मग हाताने कुस्करा किंवा मिक्सरला दोनच झटके द्या आणि स्टीलच्या गाळणीतून गाळा. मिक्सर फार वेळ फिरवला तर बिया फुटून कडवटपणा उतरतो आणि रसात हवा भरून तो गुलाबी, फेसाळ होतो. बियांभोवतीचा बुळबुळीत गर पुष्कळ जणी आधीच काढून टाकतात. तसं करू नका. ज्या घटकामुळे टमाट्याला ती तोंडभर रेंगाळणारी चव येते, तो ग्लुटामेट बाहेरच्या मांसल भागापेक्षा या गरात कितीतरी जास्त असतो. इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठात 2007 मध्ये हे मोजूनच दाखवलं आहे. गाळताना डावाच्या पाठीने घासून तो गर खाली उतरवा आणि वर उरेल ते बी टाका.

जुन्या शहरातल्या घरांसाठी एक खास सूचना. माळ्यावर पितळेची पातेली असतात आणि सणासुदीला ती काढायचा मोह होतो. कल्हई उडालेल्या पितळेत टमाट्याचा रस ठेवाल तर अर्ध्या तासात कळकेल. कळकलेला रस फेकूनच द्यावा लागतो. स्टील, काच किंवा चिनी मातीची बरणी वापरा.

याच टप्प्यावर घरातली एखादी आजी हमखास म्हणते, “हे तं साराचंच सामान होय ना बापा, थंडं केलेलं.” आजीचं फारसं चुकत नाही. फरक फोडणीचा आहे. साराला तुपाची फोडणी लागते, आणि थंड ग्लासात तूप गोठून कडेला पांढरी साय धरतं. म्हणून इथं मोहरी तडतडवायची नाही, फेसायची.

या पेयाची खरी गंमत या फेसलेल्या मोहरीत आहे, तेव्हा इथं जरा थांबू. साहेब लोक यात हॉर्सरॅडिश नावाचं मूळ किसून घालतात. ते अकोल्यात शोधत फिरू नका. त्या मुळाचा जो झणका नाकात जातो, त्याच्यामागचं तिखट द्रव्य आपल्या काळ्या मोहरीतही असतं. त्या मुळासारखंच मोहरीतही ते तयार अवस्थेत नसतं. मोहरी फुटून पाणी लागलं की तिच्यातलं एक विकर कामाला लागतं आणि तेव्हा कुठे तिखटपणा जन्माला येतो. लोणचं घालणाऱ्या बायकांना हे कोणी शिकवावं लागलेलं नाही. आजही आंब्याचं लोणचं घालताना मोहरीची पूड परातीत घेऊन, थेंब थेंब पाणी घालत, तळहाताने ती फेसतात, आणि डोळ्यांतून पाणी आलं की झाली म्हणतात. तसंच करा. दोन चमचे मोहरी जाडसर कुटा, त्यात गार पाणी घालून पाच-सात मिनिटं फेसा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. पाणी गरम घेतलंत तर ते विकर मरतं आणि मोहरी नुसती कडू राहते. लिंबू आधी पिळलंत तरी काम अडतं, कारण आंबटाने ते विकर मंदावतं. म्हणून आधी गार पाणी, मग दम, आणि शेवटी लिंबाचे चार थेंब. आता मात्र तेच लिंबू आलेला झणका टिकवून धरतं. ही मोहरी गरम रसात कधीच घालू नका. रस आधी फ्रिजमध्ये पूर्ण गार झाला पाहिजे.

दुसरी गोष्ट वुस्टर सॉसची. इंग्लंडच्या वुस्टर गावातले ली आणि पेरिन्स हे दोघे औषधविक्रेते 1837 पासून तो विकत आले. त्यात व्हिनेगर, काकवी, लसूण आणि अँकोव्ही नावाचे खारवलेले छोटे मासे असतात, आणि चिंचही असते. बाजारात या नावाच्या बाटल्या दोन्ही प्रकारच्या मिळतात, माशाच्या आणि बिनमाशाच्या. ज्यांच्या घरी चालत नाही त्यांनी बाटलीवरचा हिरवा ठिपका पाहिल्याशिवाय घेऊ नये, आणि पाहुण्यांना देण्याआधी तर अजिबात विसरू नये. माझं मत विचाराल तर बाटली आणूच नका. एक मोठा चमचा चिंचेचा घट्ट कोळ, सुपारीएवढा गूळ, अर्धा चमचा व्हिनेगर आणि सोया सॉसचे आठ-दहा थेंब एकत्र करा. मूळ सॉसची हुबेहूब नक्कल होत नाही, पण आंबट, गोड आणि खारट यांचा मेळ तोच बसतो, आणि बाटलीचे पैसे वाचतात.

तिखटासाठी ठेचा. दोन हिरव्या मिरच्या आणि दोन लसूण पाकळ्या तव्यावर डाग पडेपर्यंत भाजा, खलबत्त्यात मिठाच्या खड्यासोबत ठेचा आणि मलमलच्या फडक्यात बांधून रसात पिळून घ्या. सगळा ठेचा रसात टाकला तर प्रत्येक घोटाला मिरचीची साल दातात येते. वऱ्हाडी माणसाचा हात तिखटाच्या बाबतीत सैल असतो, पण इथं आवरा. बर्फाने जीभ बधिर होते, पहिल्या घोटाला तिखट कमी लागतं आणि मग घशात एकदम जाळ होतो. लाल तिखट वापरायचं तर अगदी चिमूटभर, रंगापुरतं.

मिठाबद्दल स्पष्ट बोलतो. दिवसाला एकूण मीठ 5 ग्रॅमच्या आत असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चार ग्लासांच्या या रसात सगळं मिळून एक सपाट चहाचा चमचा घातला तरी प्रत्येकाच्या वाट्याला सव्वा ग्रॅम येतं, आणि सोया सॉसमधलं वेगळंच. रक्तदाब असलेल्यांसाठी अर्धाच चमचा घाला आणि लिंबू वाढवा. काळं मीठ चिमूटभर पुरे. त्याचा वास टमाट्यावर बसला की रस कोपऱ्यावरच्या चाटच्या गाडीवरचा लागायला लागतो. शेवटी ताजी कुटलेली काळी मिरी अर्धा चमचा आणि हातावर चोळलेला ओवा चिमूटभर. साहेब ग्लासात सेलरीची कांडी उभी करतात. तिच्या जागी काकडीची लांब फोड किंवा कोवळ्या मुळ्याची काडी घाला, आणि वर सांबार, म्हणजे कोथिंबीर, बारीक चिरून.

हे सगळं मिसळताना मिक्सर नको आणि बाटलीत घालून जोरजोरात हलवणंही नको. त्याने रस पातळ होतो आणि वर फेस जमतो. दोन मोठे ग्लास घ्या आणि चहावाला चहा गार करतो तसं या ग्लासातून त्या ग्लासात पाच-सहा वेळा ओता. चांगले बारटेंडरही असंच करतात. बर्फ पाण्याचा न वापरता टमाट्याच्या रसाचाच जमवा. आदल्या रात्री थोडा रस बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून ठेवला की झालं. तो विरघळला तरी पेय पाणचट होत नाही. उरलेला साधा रस फ्रिजमध्ये तीन दिवस राहतो, बर्फाच्या रूपात दोन-तीन महिने. हवाबंद बाटल्यांत भरून वर्षभर बाहेर ठेवायच्या भानगडीत पडू नका. घरच्या घरी ते सुरक्षितपणे जमवणं सोपं नाही, आणि बिघडलेली बाटली दिसण्यावरून ओळखू येईलच असं नाही.

सोबत शेगावची कचोरी, मुगाचे वडे, भाजलेला पापड, काहीही चालतं. पण उपाशीपोटी हा ग्लास घेऊ नका, बिनदारूचाही. टमाटा, लिंबू, चिंच आणि मिरची एकत्र रिकाम्या पोटात गेली की ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे त्यांची दुपार वाया जाते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी टमाट्याचा रस डॉक्टरांना विचारूनच घ्यावा, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असतं.

जाता जाता, अमेरिकेला पोराकडे जाणाऱ्या आईबाबांसाठी. विमानात टमाट्याचा रस मागून पाहा. जमिनीवर कधी न पिणारे लोक विमानात तो इतका मागतात की लुफ्तान्सा कंपनीने जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेकडून याची तपासणी करून घेतली. विमानातल्या कमी दाबात आणि कोरड्या हवेत गोड आणि खारट चव मंदावते, टमाट्याची मात्र टिकून राहते, असं त्यातून दिसलं. 2015 मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी इंजिनाच्या घरघरीचाही यात हात असल्याचं दाखवलं. जेवण बेचव लागतं म्हणून कुरकुर करत बसण्यापेक्षा रस मागा, वर मिरपूड मागा. इतक्या लांबच्या प्रवासात तेवढाच जिवाला आधार.

आता बाटलीकडे येतो. ज्या मुलखात मी हे लिहितो आहे त्याची आठवण ठेवूनच लिहायला हवं. गाडगेबाबा आपले. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेणगावचा जन्म, 23 फेब्रुवारी 1876 चा. वडील झिंगराजी दारूच्या पायी गेले आणि लहानगा देबू, म्हणजे पुढचे बाबा, आईबरोबर मामाच्या गावी दापुऱ्याला आला. दापुरे आपल्याच जिल्ह्यातलं, मूर्तिजापूर तालुक्यातलं. तिथे तो गुरं राखून, शेतात राबून मोठा झाला. पुढे मुलीच्या बारशाला भाऊबंदांना दारू आणि मटण द्यायची रीत होती. बाबांनी ती मोडली आणि पंगतीला गोड जेवण वाढलं. लोक रुसले, पण बाबा ढळले नाहीत. मी बाबांइतका ठाम माणूस नाही आणि कोणाच्या घरातला ग्लास तपासायला जात नाही. पण पाहुण्याला दारू पाजली नाही तर आदरातिथ्य उणं पडतं, ही समजूत या जिल्ह्यात शंभर वर्षांपूर्वीच मोडली गेली आहे. एवढं तरी पोरांनी लक्षात ठेवावं.

कायदा सरळ आहे. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. व्होडकासारखं कडक मद्य विकत घ्यायला, जवळ ठेवायला आणि प्यायला परवाना लागतो, आणि वय किमान 25 लागतं. बिअर आणि वाइनला 21. कॉलेजातल्या एकवीस-बावीस वर्षांच्या पोराने घरी बसून व्होडका घातलेला ग्लास घेतला तर तो कायदा मोडतो, मग बाप शेजारी बसलेला असला तरी. परवाना काढणं अवघड नाही, एक दिवसाचा, वर्षाचा आणि कायमचा असे प्रकार आहेत. वर्ध्याला किंवा गडचिरोलीला लग्नाला निघालात तर गाडीच्या डिक्कीत बाटली ठेवू नका. हे दोन्ही जिल्हे दारूबंदीचे आहेत, तिथे ती सापडली तर वऱ्हाडासकट पोलीस ठाण्यात बसावं लागेल.

प्रमाणाचं गणितही एकदा करून टाकू. आपल्याकडच्या व्होडकात 42.8 टक्के अल्कोहोल असतं. 30 मिलीच्या छोट्या पेगात शुद्ध अल्कोहोल साधारण 10 ग्रॅम. यकृत ते तासाला सात ते दहा ग्रॅम या गतीने निकालात काढतं, आणि ही गती लिंबाने, कॉफीने किंवा गार पाण्याच्या अंघोळीने वाढत नाही. पेटिओच्या पद्धतीने 60 मिलीचे दोन ग्लास साडेअकराला घेतले तर 40 ग्रॅम झालं. त्याचा हिशेब संध्याकाळपर्यंत चालतो. आणि दुपारी दोनला माणूस दुचाकीला किक मारून दगडी पुलावरून पलीकडे निघालेला असतो. मोटार वाहन कायद्यात मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमची आहे. पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. या पेयाची लबाडी अशी की मोहरी आणि मिरचीखाली दारू जाणवतच नाही. लोक तो रस समजून घटाघटा पितात. म्हणून घालायचीच तर 150 मिली रसात 30 मिली, मापाने मोजून, आणि दिवसभरात तेवढीच. बाटलीतून अंदाजाने ओतणाऱ्याचा अंदाज कधीच कमी पडत नाही.

बाटली सीलबंद आणि परवानाधारक दुकानातलीच हवी. स्वस्तातली, कुणीतरी कॅनमधून आणून दिलेली नको. मुंबईच्या मालवणीत 2015 च्या जूनमध्ये विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती त्यात मिसळलेल्या मिथेनॉलमुळे. रसातल्या मसाल्याखाली तर अशा दारूला वेगळा वास असला तरी तो लपतो.

हे पेय उतारा म्हणून घेण्याचीही एक रीत आहे, आणि तिच्याबद्दल मला जास्त काळजी वाटते. सकाळच्या या उशिराच्या खाण्याची टूम निघाली तीच मुळी शनिवारी रात्री जागरण करणाऱ्यांच्या सोयीसाठी. 1895 साली गाय बेरिंजर या इंग्रज लेखकाने तिची वकिली करणारा लेख लिहिला, त्यात ही सोय उघडच सांगितली आहे. रात्रीची उतरवायला सकाळी पुन्हा थोडी घ्यायची, डोकं हलकं होतं, असं आपल्याकडेही नाक्यानाक्यावर सांगतात. डोकं हलकं होतं ते तासा-दोन तासांपुरतं. शरीराला आदल्या रात्रीचं बिल भरायचंच असतं, त्यात सकाळच्या पेगाची भर पडते. रात्री झाली असेल तर सकाळी पाणी, मीठ, लिंबू आणि पोटात चार घास. बिनदारूचा हा टमाट्याचा ग्लास त्यासाठी उत्तम आहे. त्यात पाणी आहे, क्षार आहेत, आंबटपणा आहे. सकाळी घेतल्याशिवाय हाताचं थरथरणं थांबत नाही अशी वेळ आली असेल, तर तो पाककृतीचा विषय राहिलेला नाही, आणि दारू एका झटक्यात, आपल्या मनाने बंद करणंही धोक्याचं आहे. डॉक्टरांकडे जा. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446 आहे, फोन मोफत आहे. अनिल आणि सुनंदा अवचट यांनी 1986 साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणासारख्या संस्थांतून हजारो माणसं बरी होऊन घरी गेली आहेत. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर दारूने एकदम खाली येऊ शकते, उपाशीपोटी तर नक्कीच. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांसोबत दारू नाहीच. जुलाबावर देतात ती मेट्रोनिडाझोल चालू असेल तर नाही, तापाच्या पॅरासिटामॉलसोबतही यकृताला ताण. गरोदर बाईने एक थेंबही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने जानेवारी 2023 मध्ये सांगून टाकलं आहे की दारूचं कोणतंच प्रमाण तब्येतीला निर्धोक नाही. त्यामुळे मी वर 30 मिली म्हटलं ते औषधाचं माप समजू नका. त्याच्या वर जाऊ नये, इतकाच त्याचा अर्थ.

आणि अकोल्याचं ऊन! मे 2024 मध्ये उष्णतेमुळे जिल्हाधिकाऱ्यांना कलम 144 लावावं लागलं होतं, मजुरांना पाणी आणि सावली देणं मालकांना बंधनकारक करून. अशा दिवसांत सकाळी अकरालाच अंगाची लाही होते. दारूने लघवी वाढते, शरीरातलं पाणी जातं, तहान मात्र लागेलच असं नाही. मार्च ते जून या चार महिन्यांत व्होडकाचा ग्लास दिवसा अजिबात घेऊ नका, मग घरात कूलर असो की एसी. टमाट्या-मोहरीचा ग्लास मात्र याच दिवसांत रोज घ्यावा असा आहे, पन्ह्याच्या आणि मठ्ठ्याच्या जोडीला.

श्रावणाचं वेगळं सांगायला नको. शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी राजराजेश्वराला येतात, तेव्हा अख्खं जुनं शहर रस्त्यावर असतं. त्या महिन्यात ज्यांच्याकडे कांदा-लसूण बंद असतो त्यांनी ठेच्यातली लसूण काढून आल्याचा रस घालावा. चव थोडी बदलते, उणी होत नाही. खांद्यावर कावड घेऊन आलेल्या पोरांना सरबताऐवजी एकदा हे देऊन पाहा.

यजमानांना शेवटची विनंती. चार माणसं बोलावलीत तर मोठ्या तांब्यात बिनदारूचाच रस तयार ठेवा. लहान मुलं, घरातली म्हातारी माणसं, ज्यांच्या धर्मात दारू नाही ते शेजारी, कोणीही हात पुढे करू शकेल असा. व्होडका ज्याला हवी त्याच्या ग्लासात, त्याच्यादेखत, मापाने. तांब्यात आधीच मिसळून ठेवणं हा न घेणाऱ्याचा विश्वासघात आहे, आणि नाही म्हणणाऱ्याला “एवढ्याने काय होतं” म्हणत पाजणं हाही. हिवाळ्यात बाजारात भेदरं लाल आणि स्वस्त असतात. भाव पडला की शेतकरी क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओततो, हे आपण 2023 मध्ये पाहिलं आहे. त्याच वर्षी जुलैत हेच टमाटे शंभर रुपयांच्या वर गेले होते. तेव्हा पिकलेली दोन किलो जास्तीची घ्या, रस काढून ट्रेमध्ये गोठवा, आणि येत्या रविवारी मोहरी फेसायला पोरालाच बसवा.